वॉर्डात आलेल्या कागदावर सही करण्याआधी

पलूस तालुक्यातल्या एका ताईंचा प्रश्न आहे. त्यांचा थोरला भाऊ ३४ वर्षांचा, गावात फॅब्रिकेशनचं छोटं वर्कशॉप चालवणारा. दोन महिन्यांपूर्वी पुणे-बंगळूर महामार्गावर कराडजवळ कर्नाटक पासिंगच्या ट्रकनं त्याच्या मोटारसायकलला मागून उडवलं. मणक्याला मार बसला, मिरजेत ऑपरेशन झालं, पण कमरेखाली संवेदना नाही. वॉर्डातच एक माणूस येऊन भेटला. ‘आमचे वकील आहेत, तुम्ही एक रुपया देऊ नका, क्लेमचे पैसे आले की २५ टक्के’ असं सांगून त्यानं वहिनींच्या दोन कोऱ्या कागदांवर सह्या घेतल्या. नात्यातले एक वकील ‘मी बघतो’ म्हणतात. शेजारी म्हणतात, पुण्याचा मोठा वकील करा. ताई विचारतात : कोणाला करावं?

ताई, मी २२ वर्षं मोटार अपघाताच्या दाव्यांचं काम करते. त्यातली पहिली ९ वर्षं मी विमा कंपनीच्या बाजूनं उभी राहायची. जखमी माणसाचा वकील कुठे कमी पडतो हे मला त्या बाजूला बसून कळलं, आणि आज सांगते आहे त्यातलं बरंचसं तिथलंच आहे.

आधी तो वॉर्डातला माणूस. अपघाताचे क्लेम टक्केवारीवर घेण्याची पद्धत आपल्याकडे इतकी रुळली आहे, की लोकांना ती कायदेशीरच वाटते. ती तशी नाही. भरपाईत वाटा ठरवून फी घ्यायची नाही, असा बार कौन्सिल ऑफ इंडियाचा नियम आहे. डिसेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अपघाताच्याच एका प्रकरणात अशी टक्केवारीची फी बेकायदा ठरवली. वकिलानं दलालामार्फत पक्षकार मिळवणं हेही गैरवर्तन आहे, आणि त्याची तक्रार महाराष्ट्र व गोवा वकील परिषदेकडे करता येते.

नियम बाजूला ठेवून त्यामागची गोष्ट बघा. टक्केवारीवर काम घेणाऱ्याचा फायदा केस लवकर मिटण्यात असतो. १५ लाखांत लोकअदालतीत मिटली, तर त्याला थोड्याच महिन्यांत पावणेचार लाख मिळतात. तीच केस नीट चालवून पाऊण कोटीवर न्यायची तर डॉक्टर बोलवा, साक्षी घ्या, चार वर्षं तारखा करा. तो पहिली वाट धरतो, आणि तुमच्या भावाला पुढची ३० वर्षं त्या १५ लाखांतल्या उरलेल्या सव्वाअकरा लाखांत काढावी लागतात.

कोऱ्या कागदांमुळे घाबरून जाऊ नका. भाऊ शुद्धीवर आहे, बोलतो, समजतो, म्हणजे अर्जदार तो स्वतः आहे. वकीलपत्रावर त्याचीच सही हवी, वहिनींची सही त्याच्या जागी चालत नाही. तरी त्या माणसाला आणि त्यानं नाव सांगितलेल्या वकिलांना नोंदणीसह स्पीड पोस्टानं दोन ओळींचं पत्र पाठवा : अमुक तारखेला कोऱ्या कागदांवर सह्या घेतल्या, आम्ही कोणालाही नेमलेलं नाही, कागद परत करावेत. पोचपावती जपून ठेवा. आधार कार्ड, पासबुक किंवा सही केलेले चेक दिले असतील, तर बँकेत आजच कळवा. भरपाईचे पैसे थेट जखमी माणसाच्या खात्यात जमा व्हावेत असं सर्वोच्च न्यायालयानं २०२५ मध्ये सांगितलं आहे, म्हणूनच एजंट लोकांची नजर आता खात्यावर आणि चेकबुकावर असते.

आता मुदत. १ एप्रिल २०२२ पासून मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ मध्ये दावा दाखल करायला अपघातापासून ६ महिने दिले आहेत. ही मुदत वैध आहे का, हा वाद सर्वोच्च न्यायालयात आहे, आणि तोवर नुसत्या मुदतीवरून दावे फेटाळू नयेत असा अंतरिम आदेश नोव्हेंबर २०२५ मध्ये झाला. पण त्या आदेशावर विसंबून तुम्ही थांबू नका. तुमच्या हातात ४ महिने आहेत आणि ते पुरेसे आहेत. फौजदारी खटल्याच्या निकालाची वाट बघायची नसते. तो खटला सरकारी वकील चालवतात, दावा वेगळा चालतो, आणि ट्रकचालक तिकडे निर्दोष सुटला तरी न्यायाधिकरण, म्हणजे अपघाताचे दावे चालवणारं कोर्ट, स्वतःपुढच्या पुराव्यावर निर्णय देतं.

दावा कुठे करायचा, यावरून तुम्हाला कोणी फिरवेल. ट्रक कर्नाटकचा असला तरी तुम्हाला हुबळी-बेळगाव गाठावं लागत नाही. अपघात जिथे झाला तो सातारा जिल्हा, किंवा अर्जदार जिथे राहतो तो सांगली जिल्हा, दोन्हीकडे दाखल करता येतो. तुमच्या बाबतीत मी सांगलीच म्हणेन. साक्षीच्या दिवशी भावाला व्हीलचेअरवरून न्यायचं आहे, आणि मिरजेचे डॉक्टरही तिथून जवळ आहेत.

आता मूळ प्रश्नाकडे येते. वकील निवडण्याआधी त्याला काय काम करायचं आहे ते समजून घ्या, मग निवड सोपी जाते. मागून धडक आहे, ट्रक सापडला आहे. ट्रकचा विमा चालू असेल, तर चूक कोणाची यावर या दाव्यात फार ताकद खर्च होणार नाही. हेल्मेट होतं का, इंडिकेटर दिला होता का, असे प्रश्न कंपनी काढेल, त्यांना उत्तरं देता येतात. खरी लढाई तुमच्या भावाचं पुढचं आयुष्य कागदावर कसं मांडायचं याची आहे.

आकडेच मांडून दाखवते. समजा भावाची महिन्याची कमाई २२,००० रुपये आहे आणि ती सिद्ध झाली. वर्षाचे २,६४,०००. स्वतःचा धंदा आणि वय ४० च्या आत, म्हणून भविष्यातल्या वाढीचे ४० टक्के मिळवायचे. हे सांगणारा २०१७ चा सर्वोच्च न्यायालयाचा निवाडा कोर्टात ‘प्रणय सेठी’ म्हणून ओळखला जातो. झाले ३,६९,६००. याला वयाप्रमाणे ठरलेल्या आकड्यानं, म्हणजे गुणकानं, गुणायचं. वय ३४ ला गुणक १६, हा २००९ च्या ‘सरला वर्मा’ निवाड्यातला तक्ता. वर्कशॉपमध्ये उभं राहून वेल्डिंग करणाऱ्या माणसाचे दोन्ही पाय गेले, तर त्याची कमाईची क्षमता १०० टक्के गेली असं धरता येतं. बेरीज होते ५९,१३,६०० रुपये. आणि ही फक्त बुडालेली कमाई.

आता हीच केस ढिलाईनं चालवली तर? कमाईचा कागद नाही, म्हणून कोर्ट अंदाजानं १२,००० धरतं. दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रावर ६० टक्के लिहिलं आहे आणि डॉक्टरला साक्षीला बोलावलेलंच नाही, म्हणून ६० टक्केच. भविष्यातल्या वाढीचा मुद्दा कोणी मांडलाच नाही. उत्तर येतं १३,८२,४००. माणूस तोच, ट्रक तोच, कायदाही तोच. मधले पंचेचाळीस लाख त्या वकिलानं न केलेल्या कामाचे असतात.

त्यावर देखभाल. कमरेखालची संवेदना गेलेल्या माणसाला दर दोन-तीन तासांनी कूस बदलून द्यावी लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात. कॅथेटर, लघवीचा संसर्ग, एअर मॅट्रेस, व्हीलचेअर आणि काही वर्षांनी पुन्हा नवी व्हीलचेअर, फिजिओथेरपी, घरातला रॅम्प, कमोड. हे करणारा माणूस महिन्याला १२,००० घेत असेल, तर १६ च्याच गुणकानं २३,०४,००० होतात. देखभालीचा खर्च असा गुणकानं मोजावा हे सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये एका १२ वर्षांच्या मुलीच्या प्रकरणात सांगितलं आहे. ‘पण हे सगळं वहिनीच करते’ असं तुम्ही म्हणाल. करते म्हणून ते फुकट ठरत नाही. तिच्या श्रमाचीही किंमत मागायची असते, आणि ती मागायचीच राहून गेलेले अर्ज मी शेकड्यांनी वाचले आहेत.

विमा कंपनीकडून काम करत असतानाची एक केस मी विसरू शकत नाही. एक गवंडी होता, गुडघ्याखाली पाय कापलेला. प्रमाणपत्र ४५ टक्क्यांचं. त्याच्या वकिलांनी ते प्रमाणपत्र नुसतं दाखल केलं. डॉक्टरला बोलावलं नाही, आणि हा माणूस परांचीवर चढू शकत नाही, घमेलं उचलू शकत नाही, हे सरतपासात, म्हणजे त्यांनी स्वतः घेतलेल्या साक्षीत, एका वाक्यानंही आणलं नाही. मी उभी राहिले, ४५ टक्क्यांवर बोट ठेवलं, आणि कोर्टानं ४५ टक्केच धरले. खरं तर २०१० पासून सर्वोच्च न्यायालयाचा निवाडा आहे, की शरीराचं दिव्यांगत्व किती टक्के यापेक्षा त्या माणसाच्या कामधंद्यावर काय परिणाम झाला ते बघावं. हात गेलेला कारकून आणि हात गेलेला सुतार यांचं नुकसान सारखं नसतं. तो निवाडा मला माहीत होता. समोरच्या वकिलांनी दाखवला नाही, आणि तो पुढे ठेवणं माझं काम नव्हतं. तो माणूस कुबड्या घेऊन बाहेर गेला, तेव्हा त्याला काय गमावलं हेही कळलं नव्हतं. पुढच्या वर्षी मी विमा कंपनीच्या वकिलांचं पॅनेल सोडलं.

म्हणून वकिलांना भेटायला जाल तेव्हा ते काय सांगतात यापेक्षा काय विचारतात याकडे लक्ष द्या. भावाचं शिक्षण, त्याच्याकडे किती माणसं कामाला होती, मटेरियल कुठून घ्यायचा, आता दिवसभर त्याच्याजवळ कोण असतं, घर तळमजल्यावर आहे का, हे विचारणारा वकील कामाचा. ‘एफआयआर आणि डिस्चार्ज कार्ड ठेवून जा, बाकी मी बघतो’ म्हणणारा, मग त्याचं ऑफिस केवढंही मोठं असो, या केससाठी नाही. पहिल्या भेटीतच ‘६० लाख नक्की’ असा आकडा सांगणाऱ्यापासूनही लांब राहा, कारण कागद न बघता तो आकडा निघूच शकत नाही.

पोलिसांच्या अहवालांबद्दल तुम्हीही विचारा. २०२२ च्या नियमांप्रमाणे पोलिसांनी पहिला अपघात अहवाल ४८ तासांत, अंतरिम ५० दिवसांत आणि सविस्तर ९० दिवसांत द्यायचा असतो. दोन महिने उलटले, म्हणजे अंतरिम अहवाल व्हायला हवा होता. तो झाला का, ट्रकची पॉलिसी, परमिट आणि चालकाचं लायसन त्यात आलं का, हे वकिलानं स्वतः तपासायचं म्हटलं पाहिजे. लायसनमध्ये खोट निघाली, तर कंपनीनं आधी तुम्हाला पैसे द्यावेत आणि मग मालकाकडून वसूल करावेत, असा आदेश मागता येतो. तो मागणारा वकील हवा. शेवटचं विचारा : गेल्या काही वर्षांत तुम्ही किती दाव्यांत उपचार करणाऱ्या डॉक्टरांची साक्ष घेतली आहे? या प्रश्नावर चेहरा बघा.

नात्यातल्या वकिलांबद्दल जपून लिहिते, कारण ती माणसं तुमची आहेत. ते दिवाणी-महसुलाचं काम करत असतील, तर त्यांचा मान ठेवूनच सांगा, की दावा रोज हेच काम करणाऱ्याकडे देतो, तुम्ही सोबत राहा. समजूतदार वकील याला हो म्हणतात. नात्यात फीचं बोलणं होत नाही, आणि मग तारखेला कोणी गेलं नाही तरी विचारायची सोय राहत नाही. पुण्याच्या मोठ्या नावाचंही तसंच. सांगलीच्या तारखेला ते स्वतः येणार की दर वेळी नवा ज्युनिअर पाठवणार, ते विचारून घ्या. अपिलासाठी मुंबई गाठायचे दिवसही तुमच्याकडे संपले. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच बसतं आणि सांगली जिल्हा त्यात येतो.

फी कशी ठरवायची? ठरावीक रकमेत, टप्प्यांनी, लेखी. दावा दाखल करताना अमुक, साक्षी सुरू झाल्यावर अमुक, युक्तिवादाला अमुक. कोर्ट फी आणि डॉक्टरांच्या साक्षीचा खर्च वेगळा लिहून घ्या आणि प्रत्येक रकमेची पावती मागा. ‘आत्ता अडचण आहे, थोडं नंतर घ्या’ असं मोकळेपणानं सांगा, आम्ही बहुतेक जण ऐकतो. तेही जमणार नसेल, तर सांगलीच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. दिव्यांग व्यक्तीला १९८७ च्या विधी सेवा कायद्याखाली मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे, स्त्रिया आणि मुलांनाही आहे. १५१०० वर फोन केला तरी माहिती मिळते. फुकटचा वकील म्हणजे कमअस्सल, असं मनात धरू नका. वर सांगितलेल्या कसोट्या त्यांनाही लावा, आणि काम होत नसेल तर प्राधिकरणाकडे दुसरा मागा.

आणि वकील बदलावासा वाटला, तर बदलता येतो. जुन्या वकिलाची ना-हरकत घेण्याची रीत आहे. फी राहिली म्हणून कोणी फाईल अडवून ठेवत असेल, तर तसा हक्क वकिलाला नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २००० सालीच सांगितलं आहे. फीचा वाद त्याला वेगळा मांडता येतो, कागद तुमचे आहेत.

आता दोन सापळे. पहिला कलम १६४ चा. यात चूक कोणाची हे न बघता गंभीर दुखापतीला अडीच लाख मिळतात. घरात पैसा संपलेला असतो, कंपनीचा माणूस म्हणतो लगेच देतो, आणि लोक घेतात. विमा कंपनीशी होणाऱ्या कलम १४९ च्या तडजोडीत ही रक्कम स्वीकारली, की कलम १६६ चा तुमचा मोठा दावा तिथेच संपतो. कायद्यात तसं स्पष्ट लिहिलं आहे. मणक्याच्या दुखापतीत अडीच लाखांवर सही करणं म्हणजे पुढचं सगळं सोडून देणं. दुसरा सापळा लवकरच्या लोकअदालतीचा. लोकअदालत चांगली आहे, मी स्वतः कितीतरी दावे तिथे मिटवले आहेत. पण तिथल्या निवाड्यावर अपील नाही. दुखापत स्थिरावण्याआधी, दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र हातात येण्याआधी तिथे बसू नका. मणका किती सुधारतो हे कळायला काही महिने लागतात. दावा मुदतीत दाखल करा, पण तडजोडीला घाई नको. न्यायाधिकरण बहुधा अर्जाच्या तारखेपासून व्याज देतं, त्यामुळे चाललेली वर्षं अगदीच वाया जात नाहीत.

एक अवघड गोष्ट सांगते, कारण कोणी सांगत नाही. अशा आजारपणात माणूस दावा चालू असताना दगावू शकतो. तसं झालंच, तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर दावा वारसांना पुढे चालवता येतो. वहिनींना हे आत्ता सांगू नका, पण वकिलाला माहीत असावं.

या आठवड्यात इतकं करा. एक वही घाला. रोज किती खर्च झाला, कूस बदलायला रात्री कोण उठलं, डायपर-कॅथेटरचे किती गेले, ॲम्ब्युलन्सला किती, सगळं तारखेनिशी लिहा आणि बिलं तिलाच टाचून ठेवा. उपचार करणाऱ्या डॉक्टरांना आत्ताच सांगा, की पुढे साक्षीला यावं लागेल. दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी जिल्हा शल्यचिकित्सकांकडे जायचं आहे, ते डॉक्टर सांगतील त्या वेळी. पुनर्वसनासाठी मुंबईला हाजी अलीला केंद्र सरकारची भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसनाची संस्था आहे. भावाची तब्येत प्रवासाला साथ देईल तेव्हा एकदा दाखवून आणा, व्हीलचेअरवरून पुन्हा काय काम करता येईल हे तिथे नीट बघतात.

आणि वर्कशॉप. तुम्ही लिहिलं आहे, की भाऊ आयकर भरत नव्हता आणि धंदा सगळा रोखीत. सगळा रोखीत नसणार. गेटच्या-ग्रिलच्या ऑर्डरचे ॲडव्हान्स लोक फोनवरून टाकतात, तेव्हा भिंतीवर क्यूआर कोड असेलच. तो कोणत्या खात्याला जोडला आहे ते बघा आणि त्या खात्याचा तीन वर्षांचा उतारा बँकेतून शिक्क्यासह घ्या. लोखंड ज्या दुकानातून यायचं तिथली बिलं, वर्कशॉपचं वीजबिल, उद्यम नोंदणी असेल तर तिचा कागद, आणि ज्यांच्या घराला भावानं गेट बसवलं त्यांच्यातले दोघे-तिघे, जे कोर्टात येऊन सांगतील की इतके पैसे दिले. भावाची ऑर्डरची वही दुकानात असेल, ती कोणी रद्दीत घालण्याआधी घरी आणून ठेवा.